विचारलं तेवढंच

ऑक्टोबर सरत आला की ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये ऊन माणसात येतं आणि बारावीतल्या मुलांचे आईबाप माणसातून उठतात. इंटेलचा कारखाना इथे १९८० पासून. त्याच्या आसऱ्याने मराठी घरंही बरीच. शेजारच्या टेंपीच्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत मार्क आणि विषय जुळले की काम होतं, मुलाखत नाही. पण हार्वर्ड किंवा एमआयटीला अर्ज टाकला की एखाद्या माजी विद्यार्थ्याची ईमेल येऊ शकते, 'भेटू या का?' ती आली की घरात तालीम सुरू.

मागच्या मोसमात अशा एका घरी जेवायला गेलो होतो. बाबा मुलाखतकार होऊन बसलेले. "फावल्या वेळात काय करतोस?" मुलगा सांगू लागला, मागच्या अंगणात मिरच्या लावल्यात, जूनच्या उन्हात फुलं गळतात, म्हणून जुन्या पडद्याची सावली करून पाहिली... तो रंगात येतोय तोच बाबा म्हणाले, "पाल्हाळ नको. विचारलं तेवढंच सांगायचं. बागकाम, बस्स. आणि रोबोटिक्स आधी." आतून आई म्हणाली, "बोलू दे की त्याला. पडदा माझा गेलाय."

आमच्या पिढीला मुलाखत ठाऊक ती तोंडी परीक्षेची आणि व्हिसाच्या खिडकीची. पहिलीत एक वाक्य जास्त बोललं की त्यावरच पुढचा प्रश्न, दुसरीत कमी बोलेल तो लवकर सुटे. इथे समोर असतो बिनपगारी स्वयंसेवक. बहुधा त्याच्या हाती मुलाचे मार्कही नसतात, आणि घरी जाऊन त्याला मुलाबद्दल चार परिच्छेद लिहायचे असतात. 'बागकाम' एवढ्यावर तो काय लिहिणार?

व्यक्तिमत्त्वाच्या नावाखाली आपल्या मुलाला डावलतील, ही बाबांची धास्ती अगदीच खोटी नाही. १९२० च्या दशकात ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरायला हार्वर्डने 'चारित्र्या'चा निकष पुढे केला होता. पण २०१८ मध्ये बॉस्टनच्या कोर्टात, प्रवेशात आशियाई मुलांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून, हार्वर्डवरचा खटला उभा राहिला, तेव्हा पुढे आलेले आकडे मुद्दाम पाहावेत. आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण कमी पडले होते ते प्रवेश कचेरीकडून. प्रत्यक्ष भेटलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्यांना गोऱ्या मुलांच्या जवळपास बरोबरीने जोखलं होतं. म्हणजे आपली पोरं फिकी पडली ती कागदावर, समोरासमोर नव्हे. आणि आपण तालमी घेऊन काय करतो, तर भेटीलाही कागदच पाठवतो! पैसे मोजून शिकवणी लावणारे तर तो इस्त्री करून पाठवतात.

जेवताना मी मुलाला विचारलं, "मग जगल्या का मिरच्या?" वीस मिनिटं बोलत होता. बाबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. पानातला ठेचा त्याच मिरच्यांचा होता, हे मला तेव्हा कळलं.