हुसेनांचें नांव आणि हिजबुल्लाचीं शस्त्रें

लेबनॉनमधील हिजबुल्ला या सशस्त्र शिया पक्षाची गोष्ट निघाली म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींत दोन मतें हटकून ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हे धर्मवेडे लोक. त्यांचा विचार तो काय करावयाचा? दुसरा म्हणतो, बलाढ्य इस्रायलला माघार घ्यावयास लावणारे एवढेच वीर अरबांत निघाले, तेव्हां त्यांचे दोष काढणें म्हणजे बलवंतांची तळी उचलणें होय. पहिलें मत आळसाचें आहे. त्यावर शाई खर्चण्याची आमची इच्छा नाहीं. दुसरें मात्र न्यायप्रिय माणसांच्या तोंडीं असतें, आणि आमचा वाद त्यांच्याशींच आहे.

त्यांचें जें देणें आहे तें आधीं चुकतें करूं. दक्षिण लेबनॉनमधील शिया शेतकरी तंबाखू पिकवीत आणि बैरूतचे सत्ताधीश त्यांना विसरून जात. १९३२ नंतर त्या देशांत खानेसुमारीच झाली नाहीं. १९४३ च्या अलिखित करारानें अध्यक्षपद मॅरोनाइट ख्रिस्त्यांकडे, पंतप्रधानपद सुन्नींकडे आणि विधिमंडळाचें सभापतिपद शियांकडे, अशी जी पदांची वांटणी ठरली ती लोकसंख्या बदलली तरी हलली नाहीं. मूसा सद्र या धर्मगुरूंनीं १९७४ मध्यें ‘वंचितांची चळवळ’ उभारली ती या उपेक्षेंतून. पुढें १९८२ मध्यें इस्रायलनें स्वारी केली, इराणचे क्रांतिरक्षक बेका खोऱ्यांतील बालबेकला येऊन बसले, आणि त्यांच्या शिकवणुकीवर व पैशावर हा पक्ष वाढला. एप्रिल १९९६ मध्यें काना नांवाच्या गांवीं संयुक्त राष्ट्रांच्या तळावर आश्रयाला आलेले शंभराहून अधिक लोक इस्रायली तोफांनीं मारले गेले. हें ज्यानें पाहिलें त्यानें बंदूक उचलली तर त्याला अहिंसेचें प्रवचन सांगण्याइतके आम्ही निर्लज्ज नाहीं. मे २००० मध्यें इस्रायली सैन्य परत गेलें. तो जय खरा होता.

आमचा आक्षेप त्याच महिन्यापासून सुरू होतो. १९८९ च्या ताइफ करारान्वयें लेबनॉनमधील सर्व सशस्त्र टोळ्यांनीं शस्त्रें खालीं ठेवावयाचीं होतीं. हिजबुल्लाला सूट मिळाली ती परकी सैन्य देशांत आहे एवढ्या एकाच सबबीवर. सैन्य गेलें, सबब जावयास नको होती काय? तेव्हां शेबा येथील शेतजमिनीचा वाद पुढें करण्यांत आला, आणि ती जमीन तर संयुक्त राष्ट्रें सीरियाची समजतात. मे २००८ मध्यें मंत्रिमंडळानें पक्षाच्या खाजगी टेलिफोन-जाळ्याला हात घालतांच हींच शस्त्रें पश्चिम बैरूतच्या रस्त्यांत निघालीं. परचक्रासाठीं राखलेली तरवार घरांतल्या भावावर चालली. आमच्या मित्रांना हा अपवाद वाटतो. आम्हांला तो नियमाचा आरंभ वाटतो.

कारण पुढें सीरिया आहे. २०११ मध्यें तेथील प्रजा बशर असदच्या जुलमाविरुद्ध उठली. ज्या पक्षाची सारी वाणी करबल्याच्या स्मरणावर पोसलेली, यजीदपुढें मान न वांकविणाऱ्या हुसेनांचें नांव ज्याच्या प्रत्येक सभेंत दुमदुमतें, तो कोणत्या बाजूस उभा राहिला ? दमास्कसच्या दरबाराच्या बाजूस ! यजीदची राजधानीही दमास्कसच होती. इतिहासाचा हा क्रूर विनोद कांहीं आम्हीं रचलेला नाहीं. दमास्कसजवळील हजरत झैनब यांच्या दर्ग्याच्या रक्षणासाठीं आम्ही गेलों, असें पक्षानें सांगितलें. मग २०१३ च्या वसंतांत दूर होम्सजवळच्या कुसैर गांवावर शेंकडों लढवय्ये कशाला धाडले ? तेथें कोणता दर्गा होता ? ‘आम्ही नसतों तर आयसिसचे राक्षस बैरूतला आले असते,’ हें समर्थनही आम्हीं ऐकलें आहे; परंतु आयसिसनें मोसल घेतलें तें जून २०१४ मध्यें, कुसैर पडल्यावर एक वर्षानें. आणि मदाया ! २०१५-१६ च्या हिवाळ्यांत असदच्या सैन्यानें व हिजबुल्लानें मिळून त्या डोंगरी गांवाला वेढा घातला होता. आंत माणसें भुकेनें मेलीं. आमच्याकडे मोहरमांत ताबुतांच्या वाटेवर सरबत वाटतात, आणि वाटणाऱ्यांत हिंदूंचेही हात असतात. करबल्यांत हुसेनांच्या तळाला फुरात नदीचें पाणी मिळूं दिलें नाहीं, त्या तहानेचें तें स्मरण. त्याच तहानेसाठीं दरवर्षीं छाती पिटणाऱ्यांनीं मदायाची भाकरी तोडली. याला आम्ही शिया धर्माचा दोष म्हणत नाहीं. उलट त्या धर्मावर याहून मोठा अन्याय त्याच्या शत्रूंनींही केला नसेल.

पक्षाचा खर्च, पगार आणि शस्त्रें इराणकडून येतात, हें सरचिटणीस हसन नसरल्ला यांनीं २०१६ मध्यें जाहीर भाषणांत सांगितलें. लपविण्याजोगें त्यांना त्यांत कांहीं वाटलें नाहीं. ज्याचें खावें त्याची चाकरी करावी हा व्यवहार झाला, पण मग त्याला लेबनॉनचें संरक्षण म्हणूं नये. जुलै २००६ मध्यें सरहद्दीवरचे दोन इस्रायली शिपाई पकडून नेल्यानें महिनाभराचें युद्ध ओढवलें व हजारावर लेबनॉनी मेले. एवढें युद्ध होईल अशी एक टक्का जरी शंका असती तरी तें केलें नसतें, अशी कबुली मागाहून नसरल्लांनींच दिली. असें असूनही ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं गाझाच्या कैवारानें पुन्हां तोच डाव मांडला, आणि या वेळींही ना मंत्रिमंडळाला विचारलें ना विधिमंडळाला. पुढच्या सुमारें चौदा महिन्यांत जवळजवळ ४,००० लेबनॉनी प्राणांस मुकले, १० लाखांवर लोक घरें सोडून पळाले, सप्टेंबर २०२४ मध्यें नसरल्लाही इस्रायली बाँबखालीं मारले गेले. आणि ज्या असदसाठीं एवढें रक्त सांडलें तो डिसेंबरांत मॉस्कोला पळून गेला.

‘इस्रायल २०२५ मध्येंही दक्षिणेंतील पांच टेकड्या धरून बसलें, मग शस्त्रें कशीं टाकावीं ?’ असा मित्रांचा शेवटचा प्रश्न येतो. टेकड्या बळकावणें हा अन्यायच. पण त्या हातच्या गेल्या त्या याच शस्त्रांच्या पहाऱ्यांत. ऑगस्ट २०२५ मध्यें सर्व शस्त्रें सरकारच्या हातीं आणण्याची योजना लेबनॉनच्या मंत्रिमंडळानें लष्कराकडे मागितली, तेव्हां शिया मंत्री सभेंतून उठून गेले व नवे सरचिटणीस नईम कासिम यांनीं साफ नकार दिला. जागतिक बँकेनें त्या वर्षीं देशाच्या पुनर्रचनेचा खर्च ११ अब्ज डॉलर धरला. कफर किला, मैस अल्-जबल, ऐता अश्-शाब येथें घर म्हणावें असें फार थोडें उरलें होतें. हीं गांवें शियांचींच आहेत. लढाई सुरू करण्यापूर्वीं तेथल्या एका तरी शेतकऱ्याला कोणी विचारलें होतें काय, एवढें आमच्या मित्रांनीं आम्हांस सांगावें.