अक्षरांचा जमाखर्च

निजामी अमदानींत या प्रांतांतील मराठी मुलाला वरचें शिक्षण मातृभाषेंतून मिळत नसे. सन १९१८ त निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यम उर्दू होतें. सप्टेंबर १९४८ मध्यें ती बेडी तुटली. पुढें सन २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्कही दिला. परंतु कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत नेतो. घरीं त्याच्याजवळ बसणें आईबापांसच भाग आहे. दुसऱ्या इयत्तेंत जो वाचतांना अडखळतच राहिला, त्याला पुढें गणित, भूगोल सारेंच परकें होतें.

नांदेडचे व्यापारी जमाखर्च मिळविल्यावांचून निजत नाहींत. त्यांना आमची विनंती कीं, रोज पाव तास मुलासही द्यावा. एक पान मोठ्यानें वाचवून घ्यावें. पांच शब्द सांगून लिहवून घ्यावे. 'दिन' म्हणजे दिवस व 'दीन' म्हणजे गरीब, हा ऱ्हस्वदीर्घाचा भेद अर्थानें ठसतो, छडीनें नाहीं. आई निरक्षर असल्यास मुलानें तिला वाचून दाखवावें. तिनें ऐकणें हीही शिकवणीच होय.

केवळ शिकवणीची फी भरून पालकांचें कर्तव्य संपत नाहीं. ज्या भाषेसाठीं आजोबा-पणजोबा झगडले, ती नातवंडांनीं चांचरत वाचावी, हें या शहरास खचित शोभत नाहीं.