चाकांखाली चाकं

तर मंडळी, सध्या आमच्या नातेवाईकांत एक नवं खूळ शिरलंय. गॅरेजमध्ये मोटरसायकल उभी करायची ती म्हणे जमिनीवर नाही, चाकं लावलेल्या लोखंडी ट्रॉलीवर! गाडी वर चढवायची, स्टँड लावायचा आणि सगळं प्रकरण आडवं सरकवत भिंतीला नेऊन टेकवायचं. शेजारी चारचाकी ऐसपैस. कर्जत-खालापूरकडे सेकंड होम घेतलेल्या आमच्या सगळ्या मंडळींना आता ही ट्रॉली हवी आहे. माझा तिला विरोध आहे, आणि काका-मामा रागावले तरी तो मी इथे मांडणार आहे.

आधी ट्रॉलीचं श्रेय तिला देऊन टाकतो. जागा अरुंद असेल, फरशी गुळगुळीत आणि सपाट असेल, तर एकटा माणूस गाडी जागच्या जागी फिरवू शकतो. मागे घेताना कंबर धरत नाही. शहरातल्या एखाद्या बंद गॅरेजात ती खुशाल वापरावी.

पण आपल्याकडची गॅरेजं बघा. शहाबादी फरशी नाहीतर खडबडीत कोबा, आणि पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे मुद्दाम दिलेला उतार. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० भरते १९५ किलो. हे वजन मुठीएवढ्या चाकांवर. एखादं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं की ट्रॉली जागेवर थांबते, पण वरची गाडी पुढे कलंडू बघते. चाकाचा ब्रेक लावायचा राहिला तर उतार आपलं काम करतो, आणि तो उतार जातो दाराकडे, जिथे सुट्टीला आलेली पोरं खेळत असतात. चारचाकीचं दार नीट उघडावं म्हणून एवढी जोखीम घ्यायची?

बरं, जागेचा प्रश्न सुटला असं धरू. गाडीचं काय? आपल्या भागात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने भिंतींना ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी. अशा ओल्या भिंतीला ताडपत्रीत गुंडाळलेली गाडी टेकवून ठेवली की ताडपत्रीच्या आत पाणी धरतं आणि क्रोमवर गंजाचे ठिपके येतात. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल साधारण २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन् महिने उभी केली तर टाकी आतून गंजते, जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीचा जेट तुंबतो. बॅटरी उतरते ती वेगळीच. आणि भातशेतीच्या कडेला घर असलं की उंदीर आलेच. त्यांना वायरी कुरतडायला ट्रॉलीची चार बोटं उंची आड येत नाही.

मग करायचं काय? अगदी साधं. गाडी लावतानाच तोंड बाहेर करून लावा. डबल स्टँडवर घ्या, स्टँडखाली लाकडी फळी. भिंतीपासून हातभर अंतर. ताडपत्रीऐवजी जुनी सुती चादर. टाकी भरलेली. आणि आठवड्या-पंधरवड्यातून एकदा इंजिन नीट तापेपर्यंत चक्कर.

खरी गोम या चकरेतच आहे. खोपोलीच्या कारखान्यांत पाळीला जाणारी माणसं भर पावसात रोज मोटरसायकल चालवतात. रात्री ती पत्र्याच्या शेडखाली उभी, सकाळी किकला चालू. कारण ती चालते! आपल्या गाड्या वर्षातून दहा शनिवार बाहेर पडतात, तेही ऊन असेल तर. ज्याला गाडी रोज काढायची आहे तो तिला भिंतीत सरकवून ठेवत नाही. ट्रॉलीची ऑर्डर देणारा माणूस मनातून ठरवून बसलेला असतो की आता ही काही फारशी निघायची नाही.

तसं असेल तर स्पष्ट म्हणा, आणि गाडी एखाद्या भाच्या-पुतण्याला देऊन टाका. तो तिच्यावर चिखल उडवेल, ओरखडे पाडेल, भीमाशंकरपर्यंत नेऊन आणेल. गाडीला दोन चाकं दिलेली आहेत. ती फिरत राहिली तर आणखी चार विकत घ्यावी लागत नाहीत.

असो. मामा, पुढच्या रविवारी येतोय. चावी काढून ठेवा :-)