हप्ता भाड्यातूनच निघतो!

काही वाक्ये जन्मतःच खोटी असतात; पण ती इतक्या प्रेमाने उच्चारली जातात की खोडून काढायला जीव होत नाही. ‘पाच मिनिटांत पोचतोच’, ‘मुलगा हुशार आहे, फक्त अभ्यास करत नाही’, ‘आमच्याकडे काही नको, फक्त मुलगी द्या’ ही त्यातलीच. अलीकडे या कुळात एक नवे वाक्य दाखल झाले आहे : ‘दुसरा फ्लॅट घेऊन टाका हो, हप्ता भाड्यातूनच निघतो!’ हे वाक्य मी लग्नात ऐकले आहे, बारशाला ऐकले आहे आणि एकदा तर वैकुंठातून परत येताना रिक्षातही ऐकले आहे. सांगणारा आजूबाजूला पाहून, आवाज खाली आणून सांगतो. जणू गुप्तधनाची जागा त्याला ठाऊक आहे आणि केवळ तुमच्यावरच्या लोभापायी तो ती सांगतो आहे.

मी बँकेत कारकून. लोकांच्या कर्जाचे हप्ते वळते करून घेणे हा माझ्या पोटापाण्याचा धंदा. बावीस वर्षांत मी हप्ता पगारातून निघताना पाहिला आहे, बोनसमधून पाहिला आहे, प्रॉव्हिडंट फंडातून आणि बायकोच्या पाटल्यांतूनही पाहिला आहे. शहरातल्या, ऐंशी टक्के कर्जावर घेतलेल्या फ्लॅटचा हप्ता त्याच फ्लॅटच्या भाड्यातून निघालेला मात्र मी अजून पाहायचा आहे. कुणाकडे असा फ्लॅट असेल तर त्याने तो मला दाखवावा. मी नारळ घेऊन येईन.

गंमत अशी की घरमालक या प्राण्याविषयी आम्हा मध्यमवर्गीयांना कधी ममता नव्हती. आमचे आजोबा गिरगावात चाळीत राहत. १९४७ च्या मुंबईच्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि ती पुढे दशकानुदशके गोठलेलीच राहिली. त्या भाड्यात चाळीला रंग काढणे सोडाच, रंगाचा ब्रशही आला नसता. आजोबा मालकाचे नाव दात-ओठ खाऊन घेत आणि मालक आजोबांचे नाव डोळ्यांना पंचा लावून घेई. त्याच आजोबांच्या नातवंडांना आज मालक व्हायची घाई झाली आहे! कायदा बदलला, हे खरे. नवा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. लीव्ह अँड लायसन्सचा करार रीतसर नोंदवला की जागा हातची जाण्याची जुनी धास्ती पुष्कळच कमी होते. (नोंदवायचा मात्र हं! नाही तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या, आणि वर मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.) पण कायद्याने जागा जाण्याची भीती घालवली. पैसे जाण्याची भीती घालवायला कुठला कायदा आलेला माझ्या ऐकिवात नाही.

आमचा मेव्हणा गेल्या दिवाळीत असाच पेटून आला. वाघोलीच्या बाजूला साठ लाखांचा तयार टू-बीएचके बघितला होता. हिशेब त्याने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाशेजारी मांडला होता. दुधाच्या हिशेबाला अकरा ओळी होत्या. फ्लॅटच्या हिशेबाला दोन : ‘भाडे येणार’ आणि ‘हप्ता जाणार’.

‘‘आणि सुरुवातीचे पैसे?’’ मी विचारलं.

‘‘ते बाबा देतायत, भावोजी. फंडाचे पडूनच आहेत की!’’

बाबा म्हणजे आमचे सासरे. जन्मभर खडूची भुकटी खाऊन निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांचे पैसे ‘पडून’ आहेत हे ऐकल्यावर मात्र मी पेनाचे टोपण काढले.

कर्ज ८० टक्के, म्हणजे ४८ लाख. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, ३० ते ७५ लाखांच्या घरकर्जाला बँक याहून वर जात नाही. राहिले १२ लाख. पुण्यात पुरुषाच्या नावाने मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. हे दोन्ही कर्जात बसत नाहीत. म्हणजे पंखे, गीझर आणि पडद्यांचे रॉड सोडूनच मास्तरांच्या खिशातून साडेसोळा लाख गेले. व्याज साडेआठ टक्के धरा, मुदत वीस वर्षे. हप्ता ४१,६५५ रुपये. त्यातले पहिल्या महिन्यात ३४,००० नुसते व्याज. मुद्दलाच्या वाट्याला साडेसात हजारांच्या जरा वर. वीस वर्षांत एकूण भरणा एक कोटीला टेकतो.

आता भाडे. मेव्हणा म्हणाला अठरा हजार. आपण अठरा हजारच धरू. वर्षाचे २ लाख १६ हजार. पण जुना भाडेकरू जातो आणि नवा येतो, या दोघांच्या मधे फ्लॅट रिकामा असतो आणि रिकाम्या फ्लॅटला कुणी भाडे देत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कुणी हिशेबात धरतच नाही. तेव्हा एक महिना रिकामा, १८ हजार गेले. दलालाचे एक महिन्याचे भाडे, आणखी १८ हजार. (भाडेकरू दोन-तीन वर्षे टिकला तर हे वाचतात, पण टिकणारे भाडेकरू नेहमी दुसऱ्यालाच मिळतात.) सोसायटीचे महिना ३ हजार धरा, वर्षाचे ३६ हजार. तुम्ही स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते ते निराळे. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत लावता येते, आणि सेक्रेटरी ते आनंदाने लावतात. घरपट्टी १२ हजार. रंग, नळ, भिंतीतली ओल, गीझरची कॉइल, सगळे मिळून १२ हजार. बेरीज ९६ हजार. हातात उरले वर्षाला १ लाख २० हजार, महिन्याला दहा हजार. साठ लाखांवर दोन टक्के!

हप्ता एक्केचाळीस हजारांचा, भाड्यातून येणार दहा. वरचे एकतीस हजार सहाशे पंचावन्न मेव्हण्याच्या पगारातून, दरमहा. आणि मास्तरांचे साडेसोळा लाख आमच्या बँकेत साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत निमूट ठेवले असते तर? महिन्याला जवळजवळ नऊ हजार. ना रंग, ना नळ, ना सेक्रेटरी.

‘‘पण भाडं वाढत जाईल, भावोजी. हप्ता तोच राहतो.’’

भाडे दरसाल पाच टक्के वाढवले. अठरा हजारांचे एक्केचाळीस हजार व्हायला सतरा वर्षे लागतात आणि कर्ज आहे वीस वर्षांचे. शिवाय हप्ता तोच राहतो हे कुणी सांगितले? व्याजदर बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा आमच्या काउंटरवर माणसे यायची आणि आपले कर्ज आपल्या निवृत्तीच्याही पुढे सरकलेले पाहून पाणी मागायची.

सगळ्यांत मोठी साक्ष तर आमच्या अर्जातच आहे. तुम्ही भाड्याने द्यायला म्हणून फ्लॅट घेता आणि बँक तुमच्याकडे काय मागते? पगाराचा दाखला! त्या फ्लॅटच्या भावी भाड्यावर साहेब सही करत नाहीत. ज्यांचे अट्ठेचाळीस लाख जाणार आहेत त्यांचा ज्या भाड्यावर विश्वास नाही, त्यावर मास्तरांनी ठेवावा, असा हा आग्रह.

आयकराची मखलाशी सांगणारेही भेटतात. २०१७ च्या अर्थसंकल्पापासून घराचा तोटा इतर उत्पन्नातून वर्षाला दोनच लाख वजा होतो, आणि नवी करपद्धती घेतली असेल तर पगारातून एक दमडीही नाही. विषय संपला.

मग शेवटचा हुकमी पत्ता : ‘‘भाव वाढतात!’’ वाढतात की. काही ठिकाणी, काही वर्षे, भरपूर वाढतात, आणि त्यात माणसे श्रीमंतही झाली आहेत. (विकताना नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि २३ जुलै २०२४ पासून घेतलेल्या घराला महागाईची वजावट नाही, हेही कानाआड टाकू.) पण मग सरळ तसे म्हणा ना! म्हणा, ‘मी वाघोलीचा भाव वाढेल अशी दरमहा एकतीस हजारांची पैज लावली आहे.’ पैज लावणे हे काही पाप नाही. पण रेसकोर्सवर जाणारा माणूस निदान घोड्याचा चारा घोड्यातूनच निघतो असे बायकोला सांगत नाही.

ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त पैसे रोख आहेत त्याने खुशाल घ्यावा. त्याने विकणाऱ्याकडे तीन कागद मागावेत : भाड्याचा नोंदवलेला करार, सोसायटीची वर्षभराची बिले आणि विजेचे बिल. विजेच्या बिलावरून घर किती महिने अंधारात होते ते कळते. मी मेव्हण्याला हे मागायला लावले. तेव्हापासून तो एजंट फोनवर नेहमी गाडी चालवत असतो.

कागद मी सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, सवयीने लाल पेन मागितले आणि माझ्या बेरजा एकेक करून तपासल्या. मग कॅलेंडर उलटे केले, मुलाच्या त्या दोन ओळी वाचल्या आणि त्यांच्याखाली लिहिले : ‘रीत दाखवा.’