ढोल कुणाच्या गळ्यात?

आमच्या घरात खुंटीला हलगी आहे. बापाची. कड घासून काळी पडलीय. वाजवायच्या आधी बाप पाचटाचा जाळ करायचा, हलगी शेकायचा, बोटानं टिचकी मारून बघायचा. कातडं ताणलं की मग खासबागेत पैलवानाच्या अंगात वारं भरायचं. कुस्ती झाली की फेटा पैलवानाला, आणि बापाच्या पुढ्यात फेकलेली चिल्लर. ज्या कोल्हापुरानं अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात बसवून ऐकलं, त्याच कोल्हापुरानं माझ्या बापाला जन्मभर उभ्यानं वाजवायला लावलं. ह्यांची कला, आमचं काम!

हे आज उकरायचं कारण माझी पोरगी. आठवीत आहे. तिला पेटी शिकायचीय. शाळेचा नवा नियम : संगीत पाहिजे तर बँडपथकात चाललंच पाहिजे. बँड नाही तर पेटी नाही. विचारायला गेलो. सर हसत म्हणाले, "शिस्त लागते हो पोरांना. आणि तुमच्याकडं तर हे रक्तातच असतंय की! मोठा ढोल तिलाच देऊ."

रक्तात! भावांनो, हाच शब्द मी माझ्या शाळेत ऐकला होता. मला तबला पाहिजे होता. गळ्यात ढोल आला. चार वर्षं पाव्हण्यांच्या स्वागताला उन्हात उभा राहिलो. पाव्हणे मांडवात, आम्ही उन्हात. एकदा संस्थेतल्या कुणाच्या तरी लग्नाच्या वरातीलाही नेलं. जेवण मागल्या दारी. बलुतं दुसरं काय असतं?

तुम्ही म्हणाल, बामणाच्या पोरालाही सक्ती, मांगाच्या पोरीलाही सक्ती, म्हणजे जात मोडलीच की! वाः! मग सांगा, पुढं छडी फिरवत कोण चालतं? बिगुल कुणाच्या तोंडाला, ढोल कुणाच्या पोटावर? गणवेश एक झाला म्हणून वाटणी बदलत नाही. आणि ज्या घरात शिकवणी लावायला पैसा आहे, ते पोरगं शाळेची पेटी सोडून बाहेर शिकेल. सक्ती उरते ती ज्याला शाळेशिवाय दुसरं दार नाही त्याच्याच मानेवर.

सक्ती शाहू महाराजांनीही केली. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोरगं शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड. पण त्या सक्तीनं आमच्या हातात पाटी आली. पुढच्याच वर्षी, १९१८ला, त्यांनी महार वतनं मोडली, म्हणजे जन्मानं गळ्यात पडलेलं काम काढून घेतलं. एक सक्ती दार उघडते, दुसरी दारात उभं करते. दोन्ही एका मापानं मोजू नका.

आणि देशप्रेमाचं सोंग आणू नका. १९८५ साली केरळातल्या तीन भावंडांनी शाळेत राष्ट्रगीत म्हटलं नाही. श्रद्धेपायी. अदबीनं उभी मात्र राहिली. शाळेनं काढलं. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, परत घ्या. राष्ट्रगीताला जी सक्ती चालली नाही, ती तुमच्या ढोलाला कुठल्या कायद्यानं?

मला बँडची लाज नाही. हलगीची तर नाहीच. एकसाथ पाऊल पडतं, पन्नास जणांचा एक ठेका होतो, अंगावर काटा येतो. ज्या पोराला चालायचंय त्यानं छाती काढून चालावं. माझ्या बापाचा ठेका मला आजही झोपेतून उठवतो. पण तो त्यानं निवडला नव्हता, एवढंच माझं भांडण आहे.

म्हणून सरळ मागतो. पेटी-तबल्याच्या तासाला बँडची अट नको. बँड ज्याच्या-त्याच्या मर्जीनं. वाद्यं पाळीपाळीनं, आडनाव बघून नाही. वराती, मिरवणुका, पुढाऱ्यांची स्वागतं बंद. आणि हलगी शिकवायचीच असेल तर वर्गात शिकवा, वाजवणाऱ्याला मास्तर म्हणून खुर्ची द्या, पगार द्या. मग येईल तुमचं पोरगं शिकायला? बघू तरी!

पोरीनं काल विचारलं, "बाबा, पेटी बसूनच वाजवायची असती न्हवं?"

व्हय बाई. बसून. आणि खुर्ची मिळाली नाही तर आपण शाळेच्या दारात बसू. उठवायला येऊ देत त्यांना.