बॅग नंतर भरा, करार आधी वाचा!

बी.एड. झालं, टीईटी झाली, ‘पवित्र’ पोर्टलवर नाव टाकून झालं. संस्थेत जागा आहे म्हणतात, पण ‘डोनेशन’चं काय ते बघा. शिक्षणसेवक म्हणून लागलात तर प्राथमिकला महिना १६ हजार, तेही २०२३ पासून. त्याआधी ६ हजारच होते. मग अमरावतीच्या राजकमल चौकात नाही तर अकोल्याच्या गोरक्षण रोडवर चहा पिताना कोणीतरी सांगतं, ‘मस्कतले चाल्लो बे, शाळेवर!’

जा ना. जरूर जा. पण राजेहो, इंग्रजी कच्चं म्हणून आपली पोरं जेवढी अडकतात, त्याहून जास्त कागद कच्चे म्हणून अडकतात. आणि आपण पैसे घालतो ते स्पोकन इंग्लिशच्या क्लासवर!

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. दहावी पास माणसाला परदेशी नोकरीसाठी सरकारचा इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. ऐकायला सोयीचं वाटतं. पण आखातात निघालेल्या दहावी नापास गवंड्याचा करार सरकारदरबारी निदान एकदा बघितला जातो; तुमचा, एम.ए. बी.एड.वाल्याचा, कोणीच बघत नाही. नर्सेसच्या फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या तेव्हा २०१५ मध्ये त्यांच्यासाठी ही अट आणली गेली. शिक्षकांसाठी नाही. म्हणून करार तुम्हालाच वाचायचाय, आणि विमानात बसायच्या आधी.

काय बघायचं? पगार कोणत्या चलनात, घर शाळा देणार की भाडं तुमच्या खिशातून, तिकीट कोणाचं. उन्हाळी सुट्टीचा पगार मिळतो का, हे मुद्दाम विचारा. मधेच नोकरी सोडली तर किती भरावं लागेल, तेही. एजंट ‘ई-मायग्रेट’वर नोंदलेला आहे का ते घरबसल्या तपासता येतं. त्याला सेवाशुल्क घेता येतं जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी. ‘सध्या व्हिजिट व्हिसावर या, तिथे बदलून देऊ’ म्हणाला की फोन ठेवून द्या.

आता नावाचं. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, खाली आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. मुलींचं तर बी.ए. माहेरच्या नावानं आणि बी.एड. सासरच्या. इथे कोणी विचारत नाही, तिथे ही दोन माणसं ठरतात! राजपत्रातलं नाव बदलणं, विद्यापीठाची पडताळणी, राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, यात महिने जातात. ओमान, सौदीला अपोस्टिल चालतं. कतार, कुवेतला दूतावासाचा शिक्काही लागतो. ऑफर यायची वाट न बघता हे काम आजच सुरू करा.

शिकवणार काय, हाही प्रश्न आहेच. दक्षिण कोरियात इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटनसारख्या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. त्या रांगेत उभं राहून उपयोग काय? गणित, विज्ञान घेऊन भारतीय शाळांकडे वळा. किंवा योग, मल्लखांब. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या ऑलिम्पिकवेळी बर्लिनला जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं होतं. दाखवायला काही होतं म्हणून बोलावणं होतं. माझ्या मते इथल्या शाळेत दोन वर्षं खडू हातात धरून, अनुभवाचं पत्र घेऊनच निघावं.

पोचल्यावरचं थोडक्यात. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवार. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत पाणीसुद्धा पिऊ नका. पोरांवर हात उगारायचा नाही (तो इथेही कायद्यानं बंदच आहे, पण असो). पहिला पगार हातात येईस्तोवरचे पैसे सोबत न्या, तिखटाचा डबाही न्या. पासपोर्ट शाळेकडे ‘सांभाळायला’ देऊ नका. तो भारत सरकारच्या मालकीचा असतो.

आणि करार, पासपोर्ट, व्हिसाची एकेक प्रत घरी ठेवून जा. आईच्या पेटीत नको, बहिणीच्या किंवा भावाच्या मोबाइलमध्ये. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर घरचेही तक्रार करू शकतात, पण त्यांना शाळेचं नाव-पत्ता तरी माहीत हवा ना!