गळा ज्याचा, चेहरा त्याचा

तरुण गवयाने पडद्यावर पाऊल टाकले की ‘हा आता गाण्यातून गेला’ असा निकाल आपल्याकडची जाणकार मंडळी तात्काळ देऊन मोकळी होतात. आणि एका चित्रपटानंतर त्याने पुन्हा तानपुरा जवळ केला, तर ‘पडद्यावर त्याचे काही चालले नाही’ हा दुसरा निकालही तितक्याच तत्परतेने लागतो. हे दोन्ही निकाल मला अन्यायाचे वाटतात, आणि त्यांच्याविरुद्धचा सर्वांत सबळ दाखला म्हणजे आदित्य मोडक.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा चित्रपट २०२० साली व्हेनिस महोत्सवाच्या स्पर्धेत दाखल झाला आणि उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. त्यातील शरद नेरूळकर ही मध्यवर्ती भूमिका ताम्हाणे यांनी कोणा प्रस्थापित नटाकडे न सोपवता, सनदी लेखापालाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही ख्यालगायनाची साधना करणाऱ्या मोडकांकडे सोपवली. शरदच्या गुरुजींच्या जागी किशोरीताई आमोणकरांचे शिष्य डॉ. अरुण द्रविड यांना बसवले. आणि ज्यांचा केवळ आवाज ऐकू येतो त्या माई या पात्रासाठी सुमित्रा भावे यांचा स्वर घेतला.

शरद हा निष्ठावंत, कष्टाळू, परंतु प्रतिभेच्या उंबरठ्यावरच थबकलेला गायक आहे. त्याचे गाणे चुकीचे नाही, बेसूरही नाही. त्यात फक्त ती एक झेप नाही, आणि ती नाही हे त्याला स्वतःलाच हळूहळू कळत जाते. म्हणजे मोडकांना येथे आपल्याला येते त्याहून थोडे उणे गावयाचे होते, आणि ते उणेपण कानाला टोचणार नाही पण काळजाला लागेल, इतक्या बेताने गावयाचे होते. तान घेताना खांद्यात येणारा ताण, गुरूच्या मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शिष्याची समेकडे लागलेली नजर, श्रोत्यांतून दाद न आल्यावर क्षणभर अडखळणारा श्वास, या गोष्टी उसन्या गळ्यावर ओठ हलवून साधत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षे पहाटे षड्ज लावलेला देह लागतो.

गाणाऱ्यालाच गाणाऱ्याची भूमिका देणे आपल्याला नवे नव्हते. पुण्याच्या प्रभातमध्ये दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ निर्माण केला तेव्हा तुकोबांच्या भूमिकेसाठी भजनात मुरलेले विष्णुपंत पागनीस निवडले, आणि पुढच्याच वर्षी त्या चित्रपटाचाही व्हेनिसला गौरव झाला. १९३५ पासून आपल्या चित्रसृष्टीत रुजू झालेल्या पार्श्वगायनाच्या शिरस्त्याने मात्र गळा आणि चेहरा यांची फारकत केली. त्या शिरस्त्याचे ऋण मी नाकारीत नाही; पितृछत्र हरपल्यावर १९४२ साली, तेराव्या वर्षी, ‘पहिली मंगळागौर’साठी नाइलाजाने तोंडाला रंग लावणाऱ्या लता मंगेशकरांना त्यानेच पुढे त्या रंगातून मुक्त केले. तथापि ज्या कथेचा प्राणच संगीत आहे, तिथे ही फारकत मला अक्षम्य वाटते.

गायिका आर्या आंबेकर यांनी २०१७ साली ‘ती सध्या काय करते’ मध्ये भूमिका केली आणि गाणे सोडले नाही. त्यात अपयश शोधणाऱ्यांचे मला नवल वाटते. दर वर्षी एक चित्रपट ही नटाची गरज असेल. गायकाने जे दुसऱ्या कोणालाही करता आले नसते असे एक काम केले, तरी पडद्याकडे असलेला त्याचा हिशेब पुरता झाला.

आमच्या मुळशी तालुक्यात चित्रीकरणाचे तांडे धरणाचे पाणी आणि पावसाळी डोंगर टिपण्यासाठी वरचेवर येतात. गावोगावच्या भजनी मंडळांत विशीतली मुले पखवाजावर आणि चालींवर जी मेहनत घेत असतात, तिच्याकडे मात्र त्यांचे लक्ष जात नाही; आणि मग वारकऱ्याची भूमिका करणारा नट टाळ धरतो तेव्हा त्याचा हात ठेक्याच्या मागे राहतो, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. निर्मात्यांनी एखाद्या सप्ताहात रात्रीच्या कीर्तनाला येऊन बसावे, अभंगाची चाल कोण उचलतो आणि मृदंग कोण सांभाळतो ते पाहावे, आणि पात्रांची यादी त्यानंतर मुक्रर करावी.

— मुळशीकर